नवजात बाळाच्या मेंदूचा एमआरआय: झोपेचं औषध द्यायचं का, कुठलं, किती आणि नंतर काय बघायचं

"सर, उद्या ११ चा एमआरआयचा स्लॉट मिळालाय, सहा दिवसांचं बाळ आहे, झोपायला काय देऊ?" गडहिंग्लजकडनं एका ज्युनियरचा फोन होता. मी विचारलं, बाळ उद्या सकाळी दूध किती वाजता पिणार? तिकडं एकदम शांतता. मग म्हणाला, सर ते तसं काय बघितलं नाही अजून.

असे फोन मला महिन्यातनं दोन-तीन तरी येतात, आणि प्रत्येक वेळी प्रश्न औषधाच्या नावापासनं सुरू होतो. खरं तर औषध हा शेवटचा प्रश्न. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. हे मुख्यतः एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काम करणाऱ्या रेसिडेंट, सिस्टर आणि छोट्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरांसाठी आहे. आईबापांनी वाचलं तर चांगलंच, पण डोसचे आकडे त्यांच्यासाठी नाहीत, घरात कुणी सिरप काढून बाळाला पाजायचं नाही, हे आधीच सांगतो.

आधी बघा, एमआरआयच पाहिजे का

टाळू उघडी असताना त्यातनं सोनोग्राफी होते, बेडवरच, आणि तिला झोपेचं काही लागत नाही. मेंदूत रक्तस्राव आहे का, वेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) फुगलेत का, एवढंच बघायचं असेल तर तेवढ्यावर भागतं. सीटी काही सेकंदांत होतो, नीट गुंडाळलेलं बाळ त्यात बहुतेक वेळा औषधाशिवाय निभावतं, पण रेडिएशन आहे म्हणून उगा कुणी करू नये. एमआरआयला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो, आवाज प्रचंड, आणि बाळ जरा हललं तरी चित्र पुसट. झोपेचा सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

वेळ पण महत्त्वाची. जन्मताना न रडलेलं, गुदमरलेलं बाळ, ज्याला ७२ तास ३३.५ डिग्रीवर थंड ठेवलं, त्याचा एमआरआय साधारण चौथ्या ते सातव्या दिवशी करतात, कारण डिफ्युजन, म्हणजे मेंदूतल्या पाण्याची हालचाल दाखवणारं एमआरआयचं चित्र, त्यातला बदल आठवड्याभरानंतर नॉर्मलसारखा दिसायला लागतो आणि आपण फसतो. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा एमआरआय बहुतेक गर्भातलं आणि बाहेरचं मिळून ४० आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. म्हणजे हा स्कॅन रात्री दोनला धावत जाऊन करायचा सहसा नसतो. एक दिवस हातात असतो, मग त्या दिवसात नियोजन का करायचं नाही?

मग बाळ बघा

फाईल उघडा आणि आतापर्यंत काय काय दिलंय ते वाचा. झटके आलेल्या बाळाला फेनोबार्बिटोन दिलेलं असतं, आणि पहिल्या आठवड्यात त्याचं हाफ-लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायचा वेळ, १०० तासांच्या वर जातं. म्हणजे परवा दिलेला लोडिंग (सुरुवातीचा मोठा) डोस आज पण बाळाच्या अंगात आहे. असं बाळ बऱ्याचदा आधीच पेंगलेलं असतं, त्याच्यावर अजून एक औषध टाकलं की श्वास थांबायला निमित्तच मिळतं. थंड ठेवलेल्या बाळाच्या किडनी-लिव्हरला पण मार बसलेला असतो, त्यामुळं औषध नेहमीपेक्षा हळू बाहेर पडतं. लघवी किती होतेय, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती, कावीळ किती, श्वास मध्येच थांबतो का, हृदयाचा काही दोष आहे का, जबडा लहान आहे का, हे सगळं एका कागदावर लिहा. जबडा लहान असेल, ऑक्सिजन किंवा सीपॅपवर (नाकातनं दाबानं हवा देणाऱ्या यंत्रावर) असेल, तर अशा बाळाला भूलतज्ज्ञाशिवाय झोपवायला जाऊ नका. इथं धाडस नको.

आणि एक प्रश्न आजीला विचारा, आईला नव्हे. गुटी चालू आहे का? आपल्याकडं पाचव्या-सहाव्या दिवसापासनं गुटी उगाळायची हौस असते आणि बाळ रात्री रडतं म्हणून त्यात जायफळाचे वेढे जरा जास्त पडतात. आईला बऱ्याचदा माहीत पण नसतं. रागावून विचारलं तर कुणी सांगत नाही. मी म्हणतो, "आज्जी, झोपायला काय उगाळून देताय का, आमालाबी सांगा की." मग हसत हसत सांगतात. जायफळ दिलेलं असेल तर त्या दिवशी औषध नको, स्कॅन दुसऱ्या दिवशी.

पहिली निवड: दूध आणि दुपटं

पोटभर पाजायचं, घट्ट गुंडाळायचं, झोपू द्यायचं आणि झोपलेल्या बाळाला मशीनमध्ये ठेवायचं. पहिल्या तीन महिन्यांत हे बहुतेक बाळांना जमतं. आता तुम्ही म्हणाल हे तर आम्ही करून बघितलं, जमलं नाही. मी बघितलेल्या दहातल्या आठ वेळा ते न जमण्याचं कारण वेळ चुकलेली असते.

११ चा स्लॉट असेल तर उलटं मोजा. सकाळी ७ ला एक दूध. त्यानंतर मधलं दूध टाळायचं, म्हणजे १० पर्यंत बाळाला खरी भूक लागते. त्या तीन तासांत बाळ शक्यतो जागं ठेवा, आंघोळ, लंगोट, काय ते त्याच वेळी. शुगर घसरणारं बाळ असेल, आईला डायबेटिस असेल, वजन कमी असेल, तर एवढं अंतर ठेवायचं नाही किंवा मध्ये शुगर बघायची. १०.१५ ला स्कॅन सेंटरवरच, कोपऱ्यात, पडदा लावून आईनं अंगावर पाजायचं. हे दूध घरून पाजून निघालात तर संपलं, गाडीत झोपतं आणि टेबलावर ठेवलं की डोळे टकाटका. ढेकर काढा. लंगोट बदला, ओल्या लंगोटावर झोपवलेलं बाळ विसाव्या मिनिटाला हमखास उठतं. मग गुंडाळा.

गुंडाळायचं कसं हे मी पुस्तकातनं नाही शिकलो. शाहूवाडीकडच्या एका आज्जीनं शिकवलं. आमच्या सिस्टरनी नव्या कोऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं बाळ हात काढून काढून रडत होतं. आज्जी म्हणाली, "त्ये कडक हाय वं, टोचतंय त्येला." पिशवीतनं धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं दुपटं काढलं, तिरकं अंथरलं, वरचं टोक आत दुमडलं, बाळाचे हात छातीवर घेतले, एक बाजू काखेखालनं पाठीमागं खोचली, खालचं टोक सैलसर वर आणलं आणि दुसऱ्या बाजूनं सगळं आवळलं. छातीला घट्ट, पण कमरेखाली पाय बेडकासारखे दुमडता येतील एवढं सैल. दोन मिनिटांत बाळ गप. तेव्हापासनं आम्ही नातेवाइकांना सांगतो, घरातलं जुनं सुती दुपटं घेऊन या, जरीचा काठ नको, कारण जरीत धातू असतो. ज्यांच्याकडं हवा काढून कडक होणारी बाळाची व्हॅक्यूम गादी आहे त्यांनी दुपट्यावरनं ती लावावी, डोकं छान स्थिर राहतं. नसली तर डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले मऊ कपडे.

कान झाका. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि नुसता कापूस त्याला पुरत नाही, मऊ इअर-पुट्टी आणि वरनं नवजात बाळासाठीचे कानझाकणं, दोन्ही लावा. डोक्यावर टोपी, कारण ती खोली एसीनं गार असते आणि गार पडलेलं बाळ झोपत पण नाही आणि झोपलं तर त्याचा श्वास बिघडतो.

लगेच आत घाई करू नका. बाळाचा हात हळूच उचलून सोडा, लाकडासारखा ताठ राहिला तर अजून वरवरची झोप आहे, थांबा. पडवळासारखा लुळा पडला की चला. टेक्निशियन दादांना आधीच सांगून ठेवा की डिफ्युजन पहिलं घ्या, मग टी-१, टी-२ ही नेहमीची चित्रं, बाकीचं नंतर. म्हणजे बाळ मध्येच उठलं तरी कामाचं चित्र हातात असतं. हलल्यामुळं एखादा सीक्वेन्स (चित्रांचा एक संच) गेला तर तेवढाच परत घ्यायचा, सगळा स्कॅन फुकट गेला असं समजायचं नाही. टेक्निशियनशी गोड बोलणं हा या सगळ्या प्रक्रियेतला मोठा भाग आहे, हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं.

चुळबुळ करायला लागलं तर २४ टक्के सुक्रोजचे थेंब जिभेवर आणि चोखायला बोट. हे झोपेचं औषध नाही, पण पाच-दहा मिनिटं निघतात.

नाही जमलं तर?

इथं एक गोची आहे आणि लोक नेमके इथंच अडकतात. आईचं दूध पोटभर पाजलंय, बाळ झोपलं नाही, स्लॉट चाललाय, आता लगेच औषध द्यायचं का? भुलीच्या नियमाप्रमाणं आईचं दूध पाजल्यावर ४ तास, वरचं दूध असेल तर ६ तास थांबायचं, कारण पेंगलेल्या बाळाला उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. बरेच जण "एवढ्याशा डोसला काय होतंय" म्हणून भरल्या पोटावर देतात. मी देत नाही. स्लॉट सोडतो, पुढच्या दुधाला परत तेच करून बघतो, आणि दोनदा फसलं तर तिसऱ्या वेळी उपाशी ठेवून, सलाईन चालू ठेवून, औषधाच्या तयारीनं जातो. म्हणून घरनं निघतानाच ठरवा, आज दुधावर चाललोय का औषधावर. दोन्ही अर्धं अर्धं करायला गेलं की घोटाळा होतो.

औषधं, एकेक करून

ट्रायक्लोफॉस. आपल्याकडं सगळ्यात जास्त हेच वापरतात, गोड सिरप, सुई लागत नाही, सगळ्यांच्या हातातलं. ५ मिलीत ५०० मिग्रॅ, म्हणजे १ मिलीत १०० मिग्रॅ. डोस किलोला २५ ते ५० मिग्रॅ, नवजात बाळात मी खालच्या टोकालाच राहतो. ३ किलोच्या बाळाला ३० नं धरलं तर ९० मिग्रॅ, म्हणजे ०.९ मिली. अर्धा चमचा, पाऊण चमचा असली भाषा इथं बंद, सिरिंजनं मोजा. पोटात गेल्यावर त्याचं जे रूप काम करतं, ट्रायक्लोरोइथेनॉल, तेच क्लोरल हायड्रेटचं पण काम करतं. क्लोरल १८६९ पासनं झोपेसाठी वापरात आहे, त्यामुळं जुनं म्हणून सुरक्षित असा एक समज पसरलाय. पण हे ट्रायक्लोरोइथेनॉल अर्धं व्हायला वर्ष-दोन वर्षांच्या पोरात १० तासांच्या आसपास लागतात, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात साधारण २८, आणि कमी दिवसांच्या बाळात ४०. स्कॅन चाळीस मिनिटांचा आणि औषध दोन दिवस अंगात. कावीळ जास्त असेल तर हे नकोच, काविळीचं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून असतं, ती जागा हे खातं.

यातली एक चूक माझी स्वतःची. रेसिडेंट होतो तेव्हाची गोष्ट. डोस दिला, पंचवीस मिनिटं झाली, बाळ टक्क जागं, बाहेर पुढचा पेशंट थांबलेला, टेक्निशियन घड्याळ बघतोय. मी निम्मा डोस परत दिला. औषध चढायलाच ३० ते ६० मिनिटं लागतात हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलं पण होतं. स्कॅन सुंदर झाला. परत आल्यावर वॉर्डात दोन तासांनी सिस्टरनी हाक मारली, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८३ टक्के, श्वास वरवरचा. खांद्याखाली गुंडाळी, ऑक्सिजन, मध्ये दोन-तीन वेळा श्वास द्यायची बॅग दाबायला लागली. बाळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीट चोखायला लागलं. त्या रात्री मी खुर्ची सोडली नाही, आणि तेव्हापासनं पहिल्या डोसनंतर तासभर दुसऱ्याचा विचारसुद्धा करत नाही.

मिडाझोलम. सलाईनमधनं किलोला ०.०५ ते ०.१ मिग्रॅ, आणि तेही ५ मिनिटं घेऊन, सावकाश. भसकन दिलं की बीपी पडतं, श्वास थांबतो, आणि नवजात बाळात कधी कधी हातपाय झटकतात ते झटकेच वाटतात, मग सगळेच गोंधळतात. यातली खरी धोक्याची जागा म्हणजे बाजारात १ मिलीत १ मिग्रॅ आणि १ मिलीत ५ मिग्रॅ अशा दोन्ही प्रकारची मिळतात. ट्रॉलीवर दोन्ही असतील तर आत्ता उठून एक काढून टाका. १ मिग्रॅवालं १ मिली घ्या, त्यात ९ मिली सलाईन, झालं १ मिलीत ०.१ मिग्रॅ. ३ किलोच्या बाळाला ०.०५ नं ०.१५ मिग्रॅ, म्हणजे या पातळ केलेल्यातलं १.५ मिली. सिरिंजवर नाव आणि ताकद लिहा. फेंटानिल हे दुखण्यावरचं औषध सोबत देऊ नका, दोन्ही मिळून नवजात बाळाचं बीपी धाडकन उतरवतात. कमी दिवसांच्या बाळात तर मी हे टाळतोच. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे, किलोला ०.०१ मिग्रॅ, पण झटक्यांच्या बाळाला ते दिलं की झटके परत येऊ शकतात, त्यामुळं उतारा आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही.

डेक्समेडेटोमिडिन. अलीकडं औषध लागलंच तर माझी पसंती याला. नाकातनं किलोला २ ते ३ मायक्रोग्रॅम, अर्ध्या-पाऊण तासात झोप, आणि श्वासाला फारसा धक्का लावत नाही. नवजात बाळासाठी लेबलवर मंजुरी नाही, हे घरच्यांना सांगून सही घ्या. हृदयाची गती कमी करतं, म्हणून थंड ठेवलेल्या बाळाची गती आधीच ९०-१०० असेल, हार्ट ब्लॉक असेल, बीपीसाठी औषध चालू असेल तर नको. मोजायचं मात्र जपून. अँप्यूलमध्ये १ मिलीला १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ३ किलोच्या बाळाला ९ मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०९ मिली, एवढं तर सिरिंजच्या टोकातच राहून जातं. १ मिलीत ३ मिली सलाईन घाला, १ मिलीत २५ झालं, आता ०.३६ मिली, दोन्ही नाकपुड्यांत निम्मं निम्मं. नाक आधी साफ करा. इन्सुलिनची सिरिंज घेऊ नका, तिच्यावर युनिटच्या रेघा असतात आणि गडबडीत भले भले चुकतात, १ मिलीची ट्युबरक्युलिन सिरिंज घ्या.

बाकीची पटकन. फेनोबार्बिटोन झटक्यांसाठी ठेवा, स्कॅनसाठी म्हणून वेगळं देऊ नका. केटामिन तीन महिन्यांखाली नको, श्वासनलिकेचा त्रास होतो. प्रोपोफॉल भूलतज्ज्ञाच्याच हातात. आणि फेनर्गन, म्हणजे प्रोमेथाझिन, काही ठिकाणी अजून "सर्दीचं साधं औषध आहे, झोप पण येते" म्हणून देतात. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या औषधांच्या सरकारी नियामक संस्थेनं) २ वर्षांखाली ते देऊ नये असा कडक इशारा २००४ सालीच दिलाय, श्वास थांबून मुलं गेली म्हणून. ते बंदच करा.

"डॉक्टर, झोपेच्या औषधानं मेंदूला काय होणार नाही ना?" असं आईबाप विचारतात, विचारायलाच पाहिजे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये एफडीएनं सांगितलं की ३ वर्षांखालच्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. एकदाच, थोडा वेळ दिल्यानं तसा परिणाम दिसलेला नाही. मी हे असंच सांगतो, आणि म्हणूनच दूध-दुपटं आधी.

मशीनच्या खोलीत

दारात बाळ पूर्ण उघडं करून तपासा. करदोटा, वाळे, मनगट्या, गळ्यातला तांब्याचा ताईत, काळ्या दोऱ्यात ओवलेला लोखंडी मणी, झबल्याचं टिचबटण, टोपीची पिन. चांदी चुंबकाला चिकटत नाही, पण तापते, त्यामुळं "चांदीचं हाय, ऱ्हाऊ द्या" चालणार नाही. काजळ पुसा. करदोटा सोडायला आज्जी तयार नसतात, बाहेर आल्या आल्या परत बांधायचा असं सांगून त्यांच्याच हातात द्या. स्टीलचा ऑक्सिजन सिलिंडर कुणीही आत न्यायचा नाही, २०१८ च्या जानेवारीत मुंबईत असाच सिलिंडर घेऊन आत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला.

साधा पल्स ऑक्सिमीटर आत चालत नाही, एमआरआयला चालणाराच पाहिजे, आणि त्याच्या वायरचा वेटोळा बाळाच्या अंगावर पडला तर भाजतं. सेंटरवर तो नसेल तर औषध देऊन बाळ आत पाठवायचं नाही, विषय संपला. स्लॉट बुक करताना "किती पैसे" याआधी हे विचारा. औषध दिलेल्या बाळासोबत एक माणूस असा पाहिजे की ज्याला बॅग-मास्क येतो आणि ज्याला दुसरं काहीच काम नाही. फोन त्याचा पण बाहेर. दाराबाहेर ट्रॉलीवर ० आणि १ नंबरचा मास्क, बॅग, सक्शन, लॅरिंगोस्कोप, ट्यूब, १० टक्के डेक्स्ट्रोज. बाळ निळं पडलं तर आत काही करत बसायचं नाही, उचलून बाहेर आणायचं आणि मग सुरू करायचं.

स्कॅननंतर

इथंच सगळे ढिले पडतात. आतला आवाज थांबला, खालची हलवाहलव थांबली की औषध खरं चढतं. म्हणून सॅच्युरेशन, गती, श्वास दर १५ मिनिटांनी लिहित राहा, बाळ आपणहून जागं होऊन, रडून, नीट चोखून गिळेपर्यंत. पहिलं दूध सिस्टरसमोर. कमी दिवसांचं जन्मलेलं बाळ, ज्याचं गर्भातलं आणि बाहेरचं मिळून वय ६० आठवड्यांच्या आत आहे, त्याला औषध दिलं तर रात्रभर मॉनिटरवर ठेवा, त्याच दिवशी घरी नाही. ट्रायक्लोफॉस दिलेल्या कुठल्याही नवजात बाळाला मी तसंच ठेवतो. फाईलवर औषध, डोस, दिलेली वेळ, झोपलेली वेळ, उठलेली वेळ, एवढं मोठ्या अक्षरात लिहा, कारण रात्रपाळीच्या सिस्टरला "बाळ आज शांत आहे" एवढंच दिसतं.

आणि दुसऱ्या दवाखान्यात परत जाणारं बाळ असेल, चंदगड, गारगोटी, निपाणी, कुठंही, तर सोबत सिस्टर, ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर पाहिजेच. मांडीवर घेतलेल्या पेंगलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट बंद होते आणि बाहेरनं ते फक्त गाढ झोपल्यासारखं दिसतं. मी आईला हाताला धरून दाखवतो, मान अशी सरळ, तोंड उघडं, चेहऱ्यावर पदर नाही. घाटात उन्हाची तिरीप येते म्हणून पदर टाकला जातोच, त्यामुळं शेजारी बसणाऱ्यालाही तेच सांगतो, आणि गाडीतला आतला दिवा चालू ठेवायला ड्रायव्हरला.